आभाराची ओळ

पोलिसांच्या नोकरीत माझी सबंध हयात गेली, पण मी कधी कुणाला धरलं नाही की कुणावर काठी उगारली नाही. माझ्या हातात असायची ती कात्री, खळीची वाटी आणि टाक. पोलिसांविषयी वर्तमानपत्रात काय छापून आलं ते वाचायचं, कापायचं, चिकटवायचं आणि साहेब सांगतील तसं उत्तर लिहून संपादकाला धाडायचं, एवढं माझं काम. लढाईची वर्षं होती. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका. चळवळीमुळे गावोगाव धरपकड चालली होती आणि लोक पोलिसांचं एक अक्षर खरं मानायला तयार नव्हते. म्हणून वरून हुकूम आला, की लिहिता-वाचता येणारा एक माणूस वर्तमानपत्रांसाठी वेगळा ठेवा. तो माणूस मी. माझ्याआधी हे काम आमच्या भागात कुणी केलेलं नव्हतं, त्यामुळे ते कसं करायचं हे सांगणाराही कुणी नव्हता.

मी रिसोडचा. मॅट्रिक होऊन दोन वर्षं घरी बसलो होतो. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांना पत्रलेखनाचा भारी नाद. वर मायना, मधे मुद्दा, शेवटी आभार, हे त्यांनी आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं. आभार न मानता पत्र संपवणं म्हणजे जेवून हात न धुता उठणं, असं ते म्हणत. माझी नेमणूक झाली तेव्हा त्यांनी कलेक्टर साहेबांनाही आभाराचं पत्र लिहिलं, ज्यांचा या नेमणुकीशी काडीचा संबंध नव्हता. माझ्या बरोबरीची दोन पोरं तेव्हा तुरुंगात होती आणि एक फरारी होता. मी पोलिसात लागलो म्हणून गल्लीत माझ्याकडे बघायची नजर बदलली. मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगतो, मला आनंद झाला होता.

कचेरीत मला बसायला जागा मिळाली ती मुद्देमालाच्या खोलीच्या दाराशी. आत जप्त केलेल्या मोहाच्या दारूचे डबे, कुऱ्हाडी, एक मोडका पाळणा, असं काय काय पडलेलं असे. दारूचा वास कागदांना लागायचा आणि खळीला मुंग्या. कचेरीचे मुख्य कारकून, ज्यांना सगळे बडेबाबू म्हणत, त्यांनी पहिल्या दिवशी मला एक वही दिली. तिच्यात खुलाशाचा नमुना होता. ‘आपल्या अमुक अंकात आलेला मजकूर निराधार असून लोकांत गैरसमज पसरवणारा आहे.’ अमुकच्या जागी तारीख घालायची.

“आन् बातमी खरी असली तर?” मी विचारलं.

बडेबाबूंनी पानाला चुना लावता लावता माझ्याकडे पाहिलं. “तू तीन महिन्यांसाठी तात्पुरता हायेस ना? कायम झाल्यावर इचार.”

बडेबाबू वाईट माणूस नव्हता. इतकी वर्षं त्या खुर्चीवर बसून त्याच्यातलं सगळं काही खाली बसलं होतं, गाळासारखं. मी पुढे त्याच खुर्चीवर बसलो, म्हणून बोलायचा मला अधिकार आहे.

पहिल्याच महिन्यात रिठदकडच्या एका लहान गावाजवळ तारायंत्राच्या तारा तोडल्या गेल्या. शिपाई गेले, गावातल्या तीन पोरांना धरून आणलं. फौजदाराचा अहवाल माझ्या टेबलावर आला, त्यावरून मला वर्तमानपत्रासाठी बातमी करायची होती. माझी पहिली बातमी. खुलासा नव्हे, आपली स्वतःची. मी तो अहवाल चार वेळा वाचला. शेवटी एक वाक्य होतं: ‘गावातील बागाईतदार माळी याने शिपायांस पाणी व भाकर देऊन सहकार्य केले.’ मला ते वाक्य आवडलं. एवढ्या धरपकडीत एक माणूस तरी माणसासारखा वागला, असं वाटलं. आणि हाताला वळण तसंच पडलेलं. मी बातमीच्या शेवटी लिहिलं: ‘या कामी गावातील एका बागाईतदार माळ्याने केलेल्या मदतीबद्दल पोलीसखाते त्यांचे आभारी आहे.’

नाव मी मुद्दाम घातलं नाही. दिवस वाईट आहेत, उगाच कुणाला त्रास नको, एवढी अक्कल मला होती आणि त्या अकलेचा मला अभिमानही वाटला. साहेबांनी मसुदा वाचला आणि त्या ओळीखाली बोट ठेवून म्हणाले, “हे छान केलंत. लोक आपल्याला मदत करतात, हे लोकांना दिसलं पाहिजे.” साहेब नागपूरकडचे, शिकलेले, मोजकं बोलणारे. त्यांनी शाबासकी दिली म्हणून मी त्या दिवशी स्टेशनाजवळच्या हॉटेलात दोन कप चहा प्यालो. अकोल्याच्या साप्ताहिकाने बातमी शब्दाला शब्द छापली. त्यांना लढाईच्या दिवसांत कागद परवान्यावर मिळत असे, आमचं लिखाण ते कशाला कापतील? वडिलांनी तो अंक रिसोडच्या बाजारात दहा लोकांना वाचून दाखवला.

त्या गावात मळा एकच होता. हे मला कुठे माहीत?

तीनेक आठवड्यांनी बाजाराच्या दिवशी एक माणूस कचेरीच्या ओट्यावर येऊन बसला. पन्नाशीचा असेल. डोक्याला मळकट पटका, शेजारी वांग्यांची रिकामी टोपली. पहारेकऱ्याने त्याला माझ्याकडे पाठवलं, कारण त्याच्या हातात वर्तमानपत्राचा तुकडा होता, आणि कचेरीत वर्तमानपत्र म्हणजे मी. त्याला वाचता येत नव्हतं. तुकडा त्याने उलटा धरला होता.

“बाबू, हे तुमी लिवलं का?”

मी हो म्हणालो. आवाजात थोडी ऐटही असेल.

“म्या काय मदत केली जी?”

मी त्याला अहवालातलं वाक्य सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “शिपाई मळ्यात आले, मोटेपाशी बसले. पानी मांगतलं. म्या देल्लं. भाकरीचं गठुळं त्याईनंच सोडलं. वांगे तोडले त्येबी त्याईनंच. आता दारात आलेल्या मानसाले पानी नाई म्हनाव का? तुमी म्हनसान का?”

मग बाकीचं कळलं. धरलेल्या तीन पोरांतला एक त्याचा सख्खा पुतण्या होता, थोरल्या भावाचा मुलगा. तो अकोल्याला तुरुंगात पडला होता. पोरांची नावं पोलिसांना कुणी सांगितली हे गावाला कळत नव्हतं, आणि तेवढ्यात माझी बातमी गावात पोचली. शाळेच्या मास्तरांनी ती पारावर मोठ्याने वाचली. एका बागाईतदार माळ्याने केलेली मदत! वाचून झाल्यावर म्हणे सगळे उठून घरी गेले.

पोलिसांचं एक अक्षर खरं न मानणाऱ्या लोकांनी माझी तेवढी एक ओळ मात्र खरी मानली. न्हावी त्याची दाढी करेना. भजनात तो बसला की टाळ थांबत. ज्याच्याशी बैलांची सावड होती त्याने बैल सोडून नेला, त्यामुळे मोट एका बैलावर आली आणि मिरची वाळली. शेजारची गाडी बाजाराला जाताना त्याची टोपली घेईना, म्हणून तो पहाटे निघून डोक्यावर माळवं घेऊन वाशीमला पायी यायचा. हे सगळं त्याने एकेक करून सांगितलं, पण तक्रार त्याची कोणाबद्दल नव्हती. त्याचं दुःख एकच होतं. दोघा भावांच्या घरांमधे एक भिंत, भिंतीत एक दार. दोघांची लग्नं झाली, आई गेली, तरी ते दार कधी लावलं गेलं नव्हतं. भावाने ते आतून खिळे ठोकून बंद केलं.

“लोकं मरो जी,” तो म्हणाला. “लोकं काय, आज थुकतीन, उद्या इसरतीन. पन माह्या भावाले कळलं पायजे. म्या त्याले हजारदा सांगतलं. तो म्हनते, छापून आलं ते खोटं अन् तू खरा काय? तुमी छापलं, आता तुमीच छापून द्या का यानं काई सांगतलं नाई. एक ओळ लिवा बाबू. तुमाले काय जड हाये?”

खरंच, मला तेव्हा ते काहीच जड वाटलं नाही. मी म्हणालो, “पुढच्या बाजाराला या. तोवर करून ठेवतो.” त्याने टोपलीच्या तळाशी राहिलेली मेथीची एक जुडी माझ्या टेबलावर ठेवली. मी नको म्हणालो, पण तो तोवर उठला होता.

बडेबाबूंना विचारलं तर ते हसायलाच लागले. “अबे, खुलासा दुसऱ्याच्या बातमीचा असते. आपल्या बातमीचा आपनच खुलासा केला तर त्याचा अर्थ काय? हेच, का आपन खोटं लिवलं. मंग उद्या लोक म्हनतीन, बाकीचंबी खोटंच. आन् नमुनाच नाई तसा. पाय वहीत.”

मी वही पाहिली. खरंच नव्हता.

साहेबांकडे जायला मला दोन आठवडे लागले. त्या दोन आठवड्यांत माळी दोनदा येऊन गेला, दोन जुड्या ठेवून. साहेबांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. “त्याने भाकर दिली की नाही?” दिली. “पाणी दिलं?” दिलं. “मग ती मदत नाही का? आपण खोटं काय लिहिलं? उलट त्याचे आभार मानले. आभार मानले म्हणून तक्रार करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय.” ते हसले नाहीत, पण त्यांना ते गमतीचं वाटलं हे मला दिसलं. वर म्हणाले, “आणि नावं ज्याने सांगितली, त्याच्यावर गावाचा संशय नाही. ते आपल्या सोयीचंच आहे. समजलं?”

समजलं. नावं सांगणारा कुणी दुसराच होता आणि साहेबांना तो माहीत होता. म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि सुळी मी घडवलेली. मी “होय साहेब” म्हणालो आणि बाहेर आलो. इतक्या वर्षांनी मला त्या ‘होय साहेब’चा जितका राग येतो तितका दुसऱ्या कशाचाच येत नाही. मला कायम व्हायला तेव्हा पाच आठवडे उरले होते.

माळी येत राहिला. दर बाजाराला, टोपली रिकामी झाली की सरळ कचेरीत. ओट्यावर बसायचा, मी बाहेर जायचो. “झालं का बाबू?” “होतंय.” कधी म्हणायचो साहेब दौऱ्यावर आहेत, कधी म्हणायचो मसुदा अकोल्याला गेलाय. तो माझं खरं मानायचा. मेथी, आमच्याकडे सांभार म्हणतात ती कोथिंबीर, कधी चार वांगी फडक्यात बांधून आणायचा. खोलीवर मी ती भाजी शिजवायचो. घास उतरत नव्हता असं म्हटलं तर खोटं होईल. भूक लागलेली असायची, मी खायचो.

एकदा त्याने विचारलं, “तुमाले भाऊ हाये का?” मी म्हणालो, “आहे, धाकटा.” तो म्हणाला, “मंग तुमाले सांगा नाई लागत.” तेवढ्यावर मी त्या दिवशी खोलीवर जाऊन अकोल्याच्या संपादकाला पत्र लिहायला बसलो.

अक्षर ओळखू येऊ नये म्हणून जाड टाक घेतला आणि अक्षरं उजवीकडे कलती काढली. लिहिलं, की त्या गावच्या माळ्याने तहानलेल्या शिपायांना पाणी दिलं याहून काहीही केलेलं नाही, त्याने कुणाचं नाव सांगितलेलं नाही, आणि त्याच्यावर गावात विनाकारण आळ आला आहे. खाली सही ‘एक वाचक’. पाकीट वाशीमात टाकलं नाही. रिसोडला सुट्टीत गेलो तेव्हा तिथल्या पेटीत टाकलं. मला आयुष्यात पहिल्यांदा आपण काही तरी केलं असं वाटलं. संपादकाने ते पत्र छापलं, चौथ्या पानावर, केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली. मी ते मोठ्या आनंदाने कापलं.

तो आनंद दुपारपर्यंत टिकला. कात्रणं साहेबांकडे जायची, तसं तेही गेलं. कामच माझं ते. मी ते लपवू शकलो असतो का? अंक साहेबांच्या घरीही जात असे. दुपारी कात्रण परत आलं. त्यावर तांबड्या शाईत एकच शब्द होता: ‘खुलासा’.

बडेबाबूंनी ते पत्र चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग शेवटच्या ओळीवर थांबले. तिथे मी संपादकांचे आभार मानले होते, जागा दिल्याबद्दल. त्यांनी कात्रण माझ्यासमोर ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाले, “असे आभार आपल्या तालुक्यात एकच मानूस मानते. म्या काई वाचलं नाई, समजलं? लिव आता खुलासा.”

“मी कसा लिहू, बडेबाबू?”

“जसं पत्र लिवलं तसं. हात तं बसलेलाच हाये.”

मी लिहिला. नमुन्याबाहेर एक शब्दही न जाता लिहिला. मजकूर निराधार आहे, लोकांत गैरसमज पसरवणारा आहे, सदर बागाईतदाराने पोलिसांस मदत केली होती हे पोलीसखाते पुन्हा नमूद करीत आहे. मला वाटलं, जितकं कोरडं लिहावं तितकं कमी लागेल. साहेबांनी मसुदा वाचला आणि ‘मदत केली होती’ खोडून वर लिहिलं, ‘वेळोवेळी मदत केली आहे’.

“साहेब, वेळोवेळी कसं? एकदाच तर—”

“तो दर बाजाराला कचेरीत येतो की नाही?” साहेबांनी विचारलं. “पहारेकऱ्याच्या नोंदीत आहे. तुमच्याशीच बोलत बसलेला असतो. अर्धं वाशीम बघतं. कशाला येतो मग?”

कशाला येतो ते त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं. सांगायचं तर मीच त्याला दर वेळी ‘होतंय’ म्हणून बोलावतो हे निघायचं आणि त्यावरून पत्राचंही बिंग फुटायचं, आणि न सांगितलं तर ते लिहिलेलं तसंच जायचं. मी मसुदा उचलला, स्वच्छ अक्षरात नक्कल केली, पाकिटात घातली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण अवलक्षण माझ्या हातावरचं आणि भोगायचं दुसऱ्याने, असं असतं हे मला तेव्हा कळलं. त्याच आठवड्यात मला कायम केल्याचा हुकूम आला. वडिलांनी पेढे वाटले.

खुलासा छापून आला त्यानंतरचे दोन बाजार माळी आला नाही. मी प्रत्येक वेळी ओट्यावर जाऊन बघायचो. तो आला नाही याचं मला बरं वाटत होतं, हेही सांगून टाकतो.

तिसऱ्या बाजाराला आला. आवारात शिरला नाही, फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभा राहिला. टोपली नव्हती. पहारेकरी म्हणाला, तुमचा माणूस आलाय. मी गेलो. माझ्याजवळ सांगायला एकही थाप शिल्लक नव्हती. तो चिडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मी मान खाली घालून ऐकल्या असत्या. पण तो चिडलेला नव्हता. आजारातून उठलेला माणूस दिसतो तसा दिसत होता.

“बाबू,” तो म्हणाला, “माहा भाऊ बोलला माह्याशी. पयल्यांदा.”

क्षणभर मला वाटलं, काही तरी चांगलं झालं. “काय म्हणाले?”

“मास्तरनं तुमचं वाचून दाखोलं, तवा तो होता तिथं. मंग घरी आला. दाराचे खिये काढले त्यानं, मले आवाज आला. म्या उठून गेलो. मले वाटलं, मिटलं बा. तो उंबऱ्यावर उभा राह्यला अन् म्हने, एकडाव झालं असतं तं म्या माफ केलं असतं रे. मानसाच्या हातून होते. पोलिसाच्या भेवानं होते. म्या आज उद्या हे दार काढनारच होतो. पन तू वेळोवेळी काहून केलं?”

रस्त्याने बाजाराच्या गाड्या चालल्या होत्या. आमच्याकडे बघत बघत लोक जात होते, आणि ते बघतात हे मला कळत होतं, आणि तरी मी त्याला तिथून हलवलं नाही.

“आन् मंग त्यानं पुन्हा खिये ठोकले,” तो म्हणाला. “तुमी शिकलेले हा. तुमीच सांगा, त्याले म्या आता काय सांगू?”

मी म्हणालो, “साहेबांना विचारून कळवतो.”